पोरगी जेवताना भांडवलशाहीवर बोलते

(इचलकरंजीहून एका वडिलांचं पत्र: घरचे बारा यंत्रमाग. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या फिल्म क्लबात जायला लागली आणि एम.कॉम. नको म्हणते. भांडवलशाही, समाजाची जबाबदारी, हे कथा-सिनेमातून शिकायचंय तिला. याला नोकरी कुठं?)

नमस्कार,

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, की कामगारांच्या बोनसचा हिशेब मांडला होता आणि पोरगी समोर बसून विचारते, ‘यातलं त्यांचं किती?’ पदवी हातात पडली तरी पुष्कळांना हा प्रश्न सुचत नाही.

आधी पोटाचं बोलू. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी कंपनीनं मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. हा पैसा कुठं गेला, गावात काय फरक पडला, हे जाऊन बघणारी आणि नीट लिहिणारी माणसं कंपन्यांना आणि संस्थांना लागतात. ताळेबंदही कळतो आणि समोरच्याला बोलतंही करता येतं, असं माणूस सहज मिळत नाही.

मात्र केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरत नाहीत. शाळेला संगणक दिले तर मोजतात. मागावरच्या माणसाची मजुरी हा वेगळा विषय. तुमची मुलगी अडलीय ती इथं.

म्हणून एका रविवारी ‘मंथन’ (१९७६) लावा आणि तुम्हीही शेजारी बसा. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून हा सिनेमा काढला, हीच भांडवलाची एक गोष्ट झाली. खासगी डेअरीवाला देईल तो भाव, हे गावाला अंगवळणी पडलेलं. तुम्ही खर्चीवाले असाल, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि वीजबिल तुमचं, तर हे तुम्हाला समजावून सांगायला नको. पुढं गावाची दूध सहकारी सोसायटी होते, पण दलितांच्या बरोबरीनं रांगेत उभं राहणं सरपंचाला खुपतं. ताळेबंदात याला रकाना नाही.

‘सामना’ हा मराठी सिनेमाही दाखवा. त्यातला साखरसम्राट सहकारातला, त्यामुळं भांडवलदार म्हणायचं कुणाला, यावर पोरं गोंधळतात. गोंधळू देत.

नुसता सिनेमाचा कोर्स करून नोकरी शोध, असं मात्र मी तिला सांगणार नाही. बी.कॉम. पुरं करू दे. मग मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्य किंवा माध्यम-संस्कृतीचा अभ्यास. नाहीतर आणंदला ग्रामीण व्यवस्थापन, ‘अमूल’वाल्या वर्गीज कुरियन यांनी १९७९ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेत. आणंदची फी जड आहे, शैक्षणिक कर्जाची चौकशी आत्ताच करून ठेवा.

तोवर तिला एक काम द्या. मजुरीच्या वहीतला एक आठवडा तिच्यापुढं ठेवा, ५२ पिकाच्या (कापडात इंचाला ५२ आडवे धागे) मजुरीदरासकट. त्यावरून तिनं एकच गोष्ट दोनदा लिहायची: एकदा मालकाच्या तोंडून, एकदा कांडी भरणाऱ्या बाईच्या. नावं बदलून. मालकाची तुम्ही तपासा, बाईची त्या बाईला वाचून दाखवू दे. मग दोन्ही मला पाठवा.