रिलेटिव्हिटीच्या आधी पहिला नियम नीट पकड

अरे भावा, थेट आइनस्टाइनला हात घालू नको, आधी न्यूटनचा पहिला नियम पक्का कर: बाहेरून बल नसेल तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती सरळ रेषेत एकसारख्या वेगानं जात राहते. बरेच जण म्हणतात दुसऱ्या नियमात (बल म्हणजे संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, बदलायचा दर) बल शून्य ठेवलं की पहिला आपोआप येतो, मला ते पटत नाही, कारण दुसरा नियम कुठल्या फ्रेममधनं, म्हणजे कुणाच्या नजरेनं मोजून, लावायचा हेच पहिला सांगतो. सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापूर सोडून सरळ रुळावर एकसारख्या वेगानं पळायला लागली की आत उडवलेलं नाणं परत हातातच पडतं, पण ब्रेक लागला की पुढं जातं, आणि त्याला ढकलणारं तर कुणीच नसतं! म्हणजे ब्रेक मारणारी गाडी ही पहिला नियम चालणारी फ्रेम नव्हे. यावर निवांत विचार कर, घाई नको.

एकसारख्या वेगानं सरळ चालताना आतून गती ओळखता येत नाही हे गॅलिलिओनं १६३२ लाच मांडलं होतं, आइनस्टाइननं १९०५ साली तेच तत्त्व प्रकाशालाही लावलं आणि सगळ्यांसाठी एकच काळ ही कल्पना गेली. बल म्हणजे संवेग बदलायचा दर हे तिथंही टिकतं बरं का, फक्त संवेगात वस्तुमान गुणिले वेग याला गॅमानं, म्हणजे वेगासोबत १ पासून वाढत जाणाऱ्या आकड्यानं, गुणायचं. ताशी १०० किमीला गॅमा १ पेक्षा किती जास्त? दशांश चिन्हानंतर १४ शून्यं, मग ४. तिसरा नियम (क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया) मात्र जपून वापर, लांबच्या हलत्या चार्जेसमध्ये (विद्युतभारांमध्ये) त्यांच्या विद्युत-चुंबकीय फील्डचा संवेग धरल्याशिवाय हिशोब जुळत नाही.