विद्यापीठ कार्बन न्यूट्रल करायचंय? आधी बिलं काढा

कार्बन न्यूट्रल म्हणजे आपल्यामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड शक्य तेवढा कमी करून आणि उरलेला भरून काढून हिशेब शून्यावर आणणं. त्यासाठीच्या समितीत नवीन असाल तर वृक्षारोपणापासून सुरुवात करू नका. आधी एका आर्थिक वर्षाचा हिशेब मांडा: महावितरणच्या बिलांवरचे युनिट, जनरेटरचं डिझेल, मेसचे सिलिंडर, बसचं इंधन. विजेच्या एका युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ताजा आकडा मिळाला तर तोच घ्या), डिझेलच्या लिटरला 2.7, एलपीजीच्या किलोला 3.

हमखास निसटतो तो एसीचा गॅस. आर-410ए एक किलो गळला की सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. दुरुस्तीच्या बिलात नुसतं 'गॅस भरला' एवढंच असतं. किती किलो भरला, ते लिहून घ्यायची सवय आजच लावा.

आधी वापर कमी करा, सोलर त्यानंतर. वसतिगृहातले 75 वॅटचे जुने पंखे काढून 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बसवा. सोलरच्या 1 किलोवॅटला सुमारे 10 चौरस मीटर मोकळं छत लागतं. पुण्यात त्यातून वर्षाला साधारण 1400 युनिट निघतात. पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यात लांबते, म्हणून छताची पाहणी डिसेंबरात करा. आणि पॅनेल धुवायला वर नळ हवाच, नाहीतर उन्हाळ्यात धूळ साचून उत्पादन घसरतं. हे टेंडरमध्येच लिहा.

विद्यार्थ्यांच्या दुचाकींच्या इंधनाचा अंदाज पार्किंगमधल्या गाड्या मोजून येत नाही. प्रवेश अर्जातच पिनकोड आणि येण्याजाण्याचं साधन विचारा, म्हणजे अंतरही कळेल. एवढं सगळं करून जे उरेल, त्यापुरतेच कार्बन क्रेडिट (दुसरीकडे कमी केलेल्या कार्बनचं विकत मिळणारं प्रमाणपत्र) घ्या.