साखरेच्या केसपासून सुरुवात कर
वाशीच्या एपीएमसीतला व्यापारी ‘डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) केस टाकू’ म्हणाला, तर आधी सांग की तिथे फक्त सरकारं भांडतात. आपण फार तर वाणिज्य मंत्रालयाला कागद पुरवायचे.

मग उसाचा वाद वाच. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाची तक्रार होती की एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, ही सरकारी मदतच, आणि ती डब्ल्यूटीओच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्के मर्यादेबाहेर जाते. भारत म्हणाला, पैसे कारखाने मोजतात, सरकार नाही! वाद ऐकणाऱ्या डब्ल्यूटीओच्या पॅनेलला ते पटलं नाही. डिसेंबर २०२१मध्ये निकाल विरोधात गेला, मग आपण अपील ठोकलं. पण अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवल्याने अपील ऐकणारं डब्ल्यूटीओचं अपिलीय मंडळ डिसेंबर २०१९पासूनच ठप्प. म्हणजे निकाल लागू न होता प्रकरण लटकलं, आणि खरं तर आपल्या पथ्यावरच पडलं. म्हणून निकालाची बातमी दिसली की आधी अपील झालंय का ते बघ.