मामाची गिटार आणि ड्रिलला लावलेला स्पंज

प्रश्न : काका, मामाची जुनी इलेक्ट्रिक गिटार मी घरीच रंगवली. निळा रंग, त्यावर स्प्रे कॅनमधल्या क्लिअर लॅकरचे सहा हात. आठ दिवसांनी २००० नंबरचा बारीक पॉलिश पेपर मारला आणि ड्रिलला तीन इंची फोम पॅड लावून रबिंग कंपाउंडने पॉलिश केलं. मधला भाग आरशासारखा झालाय, पण उन्हात धरली की गोल गोल ओरखडे दिसतात. वरच्या हॉर्नच्या (बॉडीच्या शिंगासारख्या टोकाच्या) कडेला तर रंग जाऊन लाकूडच दिसायला लागलंय. मामाला अजून दाखवलेली नाही. मशीन वापरलं हेच चुकलं का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : मशीन वापरलंस ते चुकलं नाही. आठव्या दिवशी वापरलंस ते चुकलं, आणि कडेवर नेलंस ते त्याहून जास्त.

घोटाळा ‘पॉलिश’ या शब्दापासूनच सुरू होतो. मिरजेत तंबोऱ्याला लाखेचं पॉलिश करतात तेव्हा बोळा फिरवून थरावर थर चढतो. तू केलंस ते पॉलिश म्हणजे थर उतरवणं. कंपाउंडमध्ये दगडाची बारीक पूड असते आणि मशीन ती पूड लॅकरवर घासतं, बाकी काही नाही. म्हणजे प्रत्येक फेरीला तू मामाच्या गिटारवरचा लॅकर खात होतास. सहा हात ऐकायला पुष्कळ वाटतात, पण कॅनमधले सहा हात, त्यातून पेपर मारल्यावर, छपाईच्या एखाद्या कागदाएवढे उरले तरी नशीब.

कडेला त्याहूनही कमी. ओला लॅकर धारेवर थांबत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ. त्यावर पेपरचा सगळा दाब त्या बोटभर रेघेवर. आणि शेवटी फोमची कड तिथे अडकते. तीन मार एकाच जागी. मी कडेला दोन बोटं अंतर सोडून मशीन थांबवतो आणि राहिलेलं सुती कापडाने हाताने घासतो. वेळ लागतो, पण पुन्हा रंगवायला लागतो त्याहून कमीच.

आता उष्णता. तुझ्या पॅडची कड मिनिटाला २,५०० फेऱ्यांना सेकंदाला साधारण दहा मीटर धावते. गिटारच्या कारखान्यातलं चौदा इंची कापडी चाक ८०० फेऱ्यांवर पंधरा मीटर धावतं, तुझ्याहून जोरात. तरी तिथे गिटार जळत नाही, कारण चाक मोठं, कापड सैल, आणि कारागीर गिटार क्षणभर टेकवतो नि सरकवतो. तू एका जागी दाबून धरलं असणार. नायट्रो लॅकर (नायट्रोसेल्युलोजचा, थिनरमध्ये विरघळणारा) गरम झाला की मऊ होतो आणि पॅड त्याला ओढत नेतं. पॉलिश करताना मी दुसऱ्या हाताचा तळवा सारखा लावून बघतो. कोमट लागलं की थांबतो. आणि वाचकहो, चार इंची ग्राइंडरला पॉलिशचं पॅड लावून बसणाऱ्यांनो, त्याच्या ११,००० फेऱ्यांना कड ताशी दोनशे किलोमीटरने पळते. ते फरशी घासायलाच ठेवा.

कारखान्याच्या चाकाचं फार कौतुकही नको. माझ्या शेडमध्ये असं चाक आहे. पहिल्याच वर्षी मी गिटारची वरची कड चाकासमोर आडवी दिली. चाकाने ती हिसकली आणि गिटार खाली सिमेंटवर. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं डोकं, तुटला. गिऱ्हाईक बाहेर स्टुलावर चहा पीत बसलं होतं. तेव्हापासून चाकाच्या खालच्या भागावरच काम करतो, आणि अशी धरतो की चाक कडेवरून बाहेर सुटेल, कडेवर चढणार नाही.

तुझ्या पत्रावर जुलैची तारीख आहे. चिपळूणला जुलैत लॅकर! थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, लॅकर दुधाळ होतो. तुझा झाला नाही हे नशीब. पण आठ दिवसांत तो आतून सुकलेला नाही. नेक (गिटारची मान) काढून ती बसते त्या खोबणीला नाक लाव. थिनरचा वास आला तर गिटार खुंटीला टांग आणि महिनाभर विसर. सुकताना लॅकर आक्रसतो. आज आरसा दिसणारा भाग महिन्याने लाकडाच्या रेषा दाखवेल, मग ते सगळं पुन्हा.

ओरखड्यांचं सोपं आहे. ट्यूबलाइटखाली तिरकं बघ. सरळ रेघा दिसल्या तर त्या पेपरच्या. आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत पुढचा पेपर घ्यायचा नसतो. गोल असतील तर मळकं पॅड किंवा जाड कंपाउंड. प्रत्येक कंपाउंडला वेगळं पॅड ठेव आणि खाली पडलेलं पॅड धुतल्याशिवाय वापरू नकोस. कंपाउंडमधलं तेल ओरखडे बुजवून टाकतं आणि आठवड्याने ते परत उगवतात, म्हणून ओल्या कापडाने पुसूनच खरं काय ते बघायचं. आणि पुन्हा पेपर पाण्यात बुडवून मारशील तेव्हा स्क्रूच्या भोकांत आधी मेणबत्ती घास. पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती लॅकर तडकतो.

उघडं पडलेलं लाकूड : पिकगार्डखाली (तारांजवळच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली), जिथे दिसणार नाही तिथे, कापसाने थिनरचा एक ठिपका लाव. चिकट झालं तर तू वाचलास. असा लॅकर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. बारीक ब्रशने निळा लाव, वर लॅकरचे थेंब, रोज एक, आजूबाजूपेक्षा किंचित उंच होईपर्यंत. महिन्याने रबरी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून सपाट कर. थिनरने काहीच झालं नाही, तर तो पीयूसारखा (पॉलीयुरेथेनसारखा) पक्का थर आहे. तो एकजीव होत नाही, ठिगळाची कड दिसत राहते. मग तो पूर्ण भाग घासून पुन्हा मारावा लागेल.

मामाला मात्र आत्ताच सांग.

प्रश्न : गाडीचं पॉलिश गिटारला चालतं का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालतं. फेंडर या गिटार कंपनीचे कित्येक रंग गाड्यांचेच होते, ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅकचा, ‘फिएस्टा रेड’ फोर्ड थंडरबर्डचा. फक्त डब्यावर सिलिकॉन लिहिलेलं नको. ते चरांत राहतं आणि पुढे कधी रंग मारायची वेळ आली की त्या जागी रंग माशाच्या डोळ्यासारखा फाकतो.

प्रश्न : मॅट फिनिशची गिटार मशीनने चकचकीत करू का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : होईल, पण मॅट परत आणता येणार नाही. तुमचा उजवा हात टेकतो ती जागा बघा, ती आपोआप चमकायला लागलीच असेल. मी असतो तर तेवढ्यावर भागवलं असतं.