जीपमध्ये बाळाची सीट बसवताना
यवतेश्वरचा घाट चढून कासला जाण्यापूर्वीच, जीपमध्ये बाळाची सीट कशी बसवावी, असे आपण विचारलेत, हे उत्तम झाले. जीपच्या मागील समोरासमोरच्या बाकांवर बाळाची सीट कधीही बसवू नये. ती पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरच, आयसोफिक्सने (गाडीच्या सीटमधील धातूच्या कड्यांना बाळाची सीट अडकवण्याची सोय) किंवा थ्री-पॉइंट, म्हणजे कमरेवरून आणि खांद्यावरून जाणाऱ्या, सीटबेल्टने बांधावी. गुडघ्याने सीट दाबून बेल्टचा ढिलेपणा ओढून काढावा, मग बेल्टजवळ धरून ती हलवून पाहावी, २.५ सेंटीमीटरहून अधिक हलली, तर पुन्हा बसवावी. आमची पहिली सीट ठोसेघरच्या वाटेवर डुलत होती, कारण खाली मी हौसेने जाड गादी घातली होती! नवखे आणखी दोन चुका करतात: पाठमोरी (बाळाचे तोंड गाडीच्या मागे असलेली) सीट चालू एअरबॅगसमोर ठेवतात आणि थंडीत जाड स्वेटरवरूनच पट्टे आवळतात. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत आला, तर तो सैल आहे.