फोल्डर आपला, मग मांडणी विंडोजच्या मर्जीने का?

घरच्या कॉम्प्युटरवर फाइली कशा दिसाव्यात यावर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतोय. पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण ते नीट वाचा कारण बाकीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच आहे. सगळं विंडोज ११ धरून लिहिलंय, १० मध्ये जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मला सगळे फोल्डर एकाखाली एक नाव आणि पुढे तारीख असे दिसायला हवेत. एका फोल्डरमध्ये तसं केलं की तो तसाच राहतो पण शेजारचा उघडला की मोठमोठी चित्रं! भाच्याने सांगितलं म्हणून 'अप्लाय टू फोल्डर्स' पण दाबलं, काही फोल्डर ऐकतात, काही ऐकत नाहीत. माझं काय चुकतंय? — सांगली

उत्तर : बाई, तुमचं काहीच चुकत नाहीये, त्या बटणाचं अर्धं काम तुम्हाला कुणी सांगितलं नाही एवढंच. विंडोज प्रत्येक फोल्डरला आतून एक प्रकार लावून टाकतं. जनरल आयटम्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज असे पाच प्रकार आहेत आणि आत काय ठेवलंय ते बघून ते स्वतःच अंदाज बांधतं. तुमच्याकडे जुन्या गुणपत्रिका, पेन्शनचे कागद, घरपट्टीच्या पावत्या स्कॅन करून ठेवल्या असतील तर त्या बहुतेक जेपीजी, म्हणजे फोटोच्या स्वरूपात सेव्ह झालेल्या असणार, मग विंडोजला वाटतं हा फोटोंचा अल्बम आहे आणि ते मोठी चित्रं दाखवतं. आणि 'अप्लाय टू फोल्डर्स' हे बटण फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरना लागू होतं, सगळ्यांना नाही! म्हणून काही ऐकतात, काही नाही.

तर आधी प्रकार बदलायचा आणि मग व्ह्यू, म्हणजे फाइली दिसायची पद्धत, हा क्रम महत्त्वाचा. समजा डी ड्राइव्हवर तुमचा 'कागदपत्रं' नावाचा मोठा फोल्डर आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे. त्या मोठ्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, वर 'कस्टमाइज' नावाचा टॅब दिसेल, तिथे 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' च्या खाली जनरल आयटम्स निवडा आणि त्याच्याच खालच्या चौकोनात टिक करा, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरनाही तोच प्रकार लागेल. ही टिक बरेच जण विसरतात आणि मग परत तेच रडगाणं. ओके केलं की फोल्डर उघडा, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ठेवून ६ दाबा, लगेच डिटेल्स व्ह्यू, म्हणजे तुम्हाला हवी तशी एकाखाली एक यादी येते. कॉलम हवे तेवढे रुंद करून घ्या, तारखेच्या कॉलमच्या नावावर क्लिक करून क्रम लावा. सगळं मनासारखं झालं की मगच वरच्या तीन टिंबांतून ऑप्शन्स, तिथे व्ह्यू टॅब, आणि 'अप्लाय टू फोल्डर्स'. विंडोज १० मध्ये ऑप्शन्स वरच्या व्ह्यू टॅबमध्येच उजव्या टोकाला आहे.

आधीच खूप उलटसुलट सेटिंग झालं असेल तर त्याच जागी 'रिसेट फोल्डर्स' आहे, आधी ते दाबून पाटी कोरी करा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात जाऊन अमुक नोंद डिलीट करा असं कुणी सांगितलं तर घरच्या कॉम्प्युटरवर त्या वाटेला जाऊ नका, वरच्या पायऱ्यांनी काम होतं.

प्रश्न : वरचं सगळं मला माहीत आहे, तसं केलंही, तरी डाउनलोड्समध्ये 'टुडे', 'लास्ट वीक' असे गठ्ठे दिसतातच. — नाशिक

उत्तर : डाउनलोड्सचा प्रकार स्वतंत्र आहे, वरच्या पाचांच्या यादीत तो दिसतच नाही, त्यामुळे दुसऱ्या फोल्डरचं सेटिंग त्याला लागत नाही. २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० तिथे तारखेप्रमाणे गठ्ठे करायला लागलं आणि ११ मध्येही तेच चालू राहिलं. रिकाम्या जागी राइट क्लिक, ग्रुप बाय, नन. संपलं.

प्रश्न : घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो एका फोल्डरमध्ये टाकले, आता मुलीच्या बारशाचे फोटो आणि गेल्या महिन्यातले फोटो मिसळलेत, तारखेने लावले तरी क्रम चुकतो. — ठाणे

उत्तर : हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण घरचे फोटो एकदा असे मिसळले की लोक ते बघणंच सोडून देतात. एकाच फोटोला तीन तारखा असतात. 'डेट क्रिएटेड' म्हणजे ती फाइल या कॉम्प्युटरवर कधी कॉपी झाली, त्यामुळे बारसं आणि गेला महिना तिथे एकाच दिवशी दिसणार. 'डेट मॉडिफाइड' म्हणजे फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला, फोटो एडिट केला की ती पुढे सरकते. आणि 'डेट टेकन' ही कॅमेऱ्याने फोटो काढतानाच आत लिहिलेली तारीख, आपल्याला हवी ती हीच. डिटेल्स व्ह्यूमध्ये कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करा, 'मोअर' मधून डेट टेकन निवडा आणि त्यावर क्रम लावा.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रांत ही आतली तारीख उरत नाही, तो कॉलम कोरा दिसेल. घाबरू नका, अँड्रॉइड फोनवर अशा फोटोच्या नावातच आधी वर्ष मग महिना मग दिवस अशी आठ आकडी तारीख असते, म्हणजे २०२३०५१४ असं. ती तारीख फोटो आला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची नाही, पण बारशाचे फोटो सहसा दोन-चार दिवसांत पाठवले जातातच. तर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि तो नावाप्रमाणे लावा, कॅमेऱ्याचे वेगळे ठेवा आणि ते डेट टेकनप्रमाणे लावा. आणि कृपया त्या फोटोंची नावं बदलू नका! तारीख त्या नावातच आहे.

पुढच्या वेळी नातेवाइकांना सांगा की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग मूळ फाइल येते, तारखेसकट.

प्रश्न : फाइलच्या नावापुढचं पीडीएफ, जेपीजी वगैरे दाखवायचं की लपवलेलंच बरं? उगाच गर्दी वाटते. — कोल्हापूर

उत्तर : दाखवाच. यात मी अजिबात मागे हटणार नाही. विंडोज ही शेपटी मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे मेलवर आलेली 'वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल तुम्हाला नुसती 'वीजबिल.पीडीएफ' दिसते आणि आयकॉन पण पीडीएफचं लावलेलं असू शकतं. ईएक्सई म्हणजे प्रोग्राम; माणूस बिल समजून डबल क्लिक करतो आणि उघडतो तो प्रोग्राम. व्ह्यू, शो, 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. १० मध्ये व्ह्यू टॅबवरच चौकोन आहे. नाव बदलताना एफ२ दाबा, शेपटी सोडून फक्त नावच सिलेक्ट होतं, त्यामुळे चुकून ती पुसली जायची भीती राहत नाही.

प्रश्न : कॉम्प्युटर घरात सगळेच वापरतात. एक्सप्लोरर (फोल्डर आणि फाइली बघायची खिडकी) उघडला की मी शेवटी काय उघडलं होतं ते सगळ्यांना दिसतं, ते बंद होतं का? — पणजी

उत्तर : होतं. ऑप्शन्समध्ये जनरल टॅबवर खाली प्रायव्हसी आहे, तिथल्या अलीकडच्या फाइली आणि फोल्डर दाखवणाऱ्या टिका काढा आणि शेजारचं 'क्लिअर' दाबा. यात फाइली डिलीट होत नाहीत, फक्त ती यादी पुसली जाते. पण घरातल्या प्रत्येकाला वेगळं यूजर अकाउंट करून देणं जास्त चांगलं, पहिल्या पत्रातली मांडणीही मग प्रत्येकाची आपापली राहते, बाईंना यादी आणि भाच्याला मोठी चित्रं.