मोटरहोममधलं टेबल: टेपच्या आधी पोळपाट काढा

तुमचा प्रश्न मला असा समजला: 3350 मिमी व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) फोर्स ट्रॅव्हलर व्हॅन, तिचं मोटरहोम करायचंय, नवरा-बायको दोघंच, महिन्यातले दहा-बारा दिवस गाडीत राहायचं आणि त्यातले चार-पाच दिवस एकाला लॅपटॉपवर नोकरी. भोसरीचा फॅब्रिकेटर म्हणतोय, गाडीच्या जमिनीत सॉकेट (खांब बसवायची वाटी) मारून मधोमध खांबाचं टेबल करू. तुमचा जीव फिरत्या हाताच्या टेबलावर आलाय, म्हणजे बाकाच्या खोक्याला लावलेल्या हातावर बाजूला फिरणाऱ्या. आणि वहिनींचं म्हणणं, भिंतीला बिजागरीची फळी पुरे. तिघांत बरोबर कोण?

वहिनी. पण निम्म्याच. बाकीचं निम्मं पुढे येईल.

सात वर्षांत मी पाच टेबलं केली. त्यातलं पहिलं आता आमच्या गॅलरीत कुंड्या सांभाळतंय. पाचही वेळा मी सुरुवात मोजायची टेप घेऊन केली, आणि तिथेच चुकलो. आधी पोळपाट घ्यायला हवा होता. लॅपटॉप कुठल्याही फळीवर चालतो, त्याचा भार असतो दीड-दोन किलो. पोळी लाटताना मात्र दोन्ही हातांचा जोर खाली आणि पुढेमागे असा एकदम पडतो, कणीक मळताना त्याहून जास्त. लाटताना जे टेबल डुलत नाही, ते जेवणाला, कामाला, भाजी चिरायला, सगळ्यालाच चालतं. कुणी तयार गाडी दाखवली तर मी अजूनही टेबलाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून लाटल्यासारखं करतो. विकणारे विचित्र नजरेनं बघतात, बघू देत.

या परीक्षेत फिरत्या हाताचं टेबल नापास होतं, आणि कारण साधं आहे. समजा टेबलाचा मध्य खोक्यावर बसवलेल्या प्लेटपासून 50 सेंटिमीटर लांब आहे आणि तुम्ही तिथे फक्त 10 किलो जोर दिलात. प्लेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर 50 किलोची ओढ बसते. कोपर टेकवून माणूस रेलला की हा आकडा सहज दुप्पट. 12 मिमी प्लायच्या खोक्यात लाकडी स्क्रूवर ही प्लेट लावली, तर तिसऱ्या-चौथ्या सहलीला स्क्रूची भोकं सैल. मग लोक त्यात काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरतात. मीही भरलंय, दोन महिने टिकलं. असंच टेबल हवं असेल, तर आरपार बोल्ट, मागे निदान 3 मिमीची लोखंडी पट्टी आणि नायलॉक नट (हादऱ्यांनी सैल न होणारे) घ्या. तरीही ते काम आणि चहा यांच्यापुरतंच धरा. बसल्याजागी बाजूला फिरवता येतं, आत शिरताना मांडी आपटत नाही, हे त्याचे खरे गुण आहेत, नाकारत नाही.

खांबाच्या टेबलाला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. एकतर सॉकेटच्या जागी जमिनीखाली काय आहे ते बघितल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. ब्रेकची नळी, डिझेलची टाकी, वायरिंग, काहीही असू शकतं. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन खालून खूण करून घ्या, आणि पत्र्याला भोक पाडलंच तर कडांना रेड ऑक्साइड लावून सीलंट भरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज. दुसरं म्हणजे खांब काढल्यावर उरलेली ती वाटी. कोकणातून आलात की त्यात वाळू, ताम्हिणीतून आलात की चिखल. खांब घुसला की निघत नाही, निघाला की घुसत नाही.

एका कामाला मात्र खांब चांगला: टेबल खाली करून दोन बाकांमध्ये पलंग करायचा असेल तर. अशा वेळी फळी बाकाच्या खोक्याच्या पातळीला यायला हवी, गादीच्या नव्हे. हा हिशेब अनेकांचा चुकतो आणि रात्री कमरेखाली उंचवटा येतो. तुमचा पलंग मागे कायमचा आहे म्हणता, म्हणजे हा प्रश्नच मिटला.

आता वहिनींची फळी. गाडीच्या बाजूच्या भिंतीला पूर्ण लांबीची पियानो बिजागरी, आणि खालून आधाराला घडीचा पाय किंवा तिरकी टेकण. मी टेकण घेईन, पायात पाय अडकतो. पण बिजागरी नुसत्या पॅनेलिंगच्या प्लायला ठोकू नका, आतल्या लोखंडी फ्रेमपर्यंत पोचा. फ्रेमला रिव्हनट (भोकात घट्ट बसणारा, आतून आटे असलेला नट) मारून बोल्ट बसवता येतो. पत्र्यात सेल्फ स्क्रू मारलात तर गाडीच्या हादऱ्यांनी तो स्वतःच भोक मोठं करत जातो. अशा टेबलावर मी तीन वर्षं पोळ्या लाटतोय. (हो, मीच लाटतो.)

मापाबद्दल. बाकावर बसल्यावर फोम दबतो, म्हणून उंची रिकाम्या गादीवरून मोजू नका. दोघांतल्या जड माणसाला बसवा आणि मग मोजा. दबलेल्या गादीपासून टेबलाचा माथा 26 ते 29 सेंटिमीटर असला की जेवण आणि लिहिणं दोन्ही जमतं. टायपिंगला दोन-तीन सेंटिमीटर कमी असेल तर खांदे वर उचलले जात नाहीत. लांबी माणशी 60 सेंटिमीटर. खोलीचा, म्हणजे टेबल भिंतीपासून किती पुढे येणार त्याचा, हिशेब ताटावरून करा: आपलं ताट 30 सेंटिमीटरचं, समोरासमोर दोन ताटं म्हणजे 60, वर तांब्या-भांड्याला दहा. पण 70 सेंटिमीटर खोल टेबल उभं केलं तर येण्याजाण्याची वाट खाऊन टाकतं. म्हणून मी 75 बाय 50 ची फळी केली आणि पुढच्या कडेला 20 सेंटिमीटरची घडीची पट्टी जोडली. दिवसभर 50, जेवताना 70.

फळीला प्लाय घ्या तो 12 मिमीचा, आयएस 710 शिक्का असलेला, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पूर्ण आठ बाय चार फुटांची शीट घेण्याआधी तुकडा मिळतो का विचारा, एवढ्याशा टेबलाला शीट कशाला. 18 मिमी नको. 75 बाय 50 ची फळी दोन्ही बाजूंच्या सनमायकासकट 18 मिमीत साधारण साडेपाच किलो भरते, 12 मिमीत चार. उरलेला ताठपणा खालून ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीनं आणा. सनमायका दोन्ही बाजूंना लावाच. सुतार म्हणेल, खालून कोण बघतंय? बघत कुणी नाही, पण एकाच बाजूला लावला की पावसाळ्यात फळी पापडासारखी वळते. पार्टिकल बोर्ड कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, एकदा कडेनं पाणी प्यायला की फुगून बसतो. कोपऱ्यांना गोलाई मारताना आमटीची वाटी उलटी ठेवून पेन्सिल फिरवा, तेवढी हवी. अरुंद जागेत रात्री उठल्यावर तो कोपरा नेमका मांडीच्या उंचीवर असतो. कडांना चार-पाच मिलिमीटर वर आलेली सागवानी पट्टी लावा, पण तीनच बाजूंना. चौथी मोकळी ठेवली नाही तर उष्टं काढताना फडकं फिरवायला जागाच राहत नाही.

यापेक्षा मोठा मुद्दा म्हणजे गाडी चालू असताना हे टेबल कुठे असणार. माझ्या दुसऱ्या टेबलाला फळी बंद धरायला दारांना लावतात तसा चुंबकी कॅच होता. खंबाटकीच्या उतारावर पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला, मी मारला, आणि फळी उघडून पाण्याच्या कॅनवर आपटली. मागे कुणी बसलेलं नव्हतं म्हणून फक्त कॅन गेला. ताशी 60 च्या वेगातली गाडी आपटून थांबली, तर आतल्या सुट्या वस्तूचा आघात साधारण 14 मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून, पडल्याइतका असतो. तेव्हापासून दोन कड्या, वर एक आणि खाली एक, आणि फळीमागे रबरी बीडिंग, म्हणजे खडखड नाही. कड्या आणि बीडिंग पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात. चालत्या गाडीत टेबल उघडं ठेवून मागे कुणी बसायचं नाही, पत्ते खेळायलासुद्धा नाही.

वहिनींचं म्हणणं निम्मं म्हटलं, कारण एका टेबलात तुमचं भागणार नाही. तुमच्यातला एक जण मीटिंगमध्ये असताना दुसऱ्यानं भाजी कुठे चिरायची? त्यासाठी मोठं टेबल नको, दुसरं छोटं हवं. मी दवाखान्यात खाटेवर सरकवतात तसलं जुनं टेबल घेतलं होतं: सी आकाराचा पाया, वर-खाली होणारी फळी. चाकं काढून टाकली, पाया कापून पलंगाच्या खोक्यातल्या खाचेत बसवला. लॅपटॉपला उत्तम, पोळपाटाला निरुपयोगी. ते जड वाटलं तर चौरंग करा. खरंच सांगतो, पलंगावर मांडी घालून जेवायला आणि काम करायला घडीच्या पायांच्या 25-27 सेंटिमीटर उंच चौरंगाइतकं सोयीचं दुसरं काही नाही, आणि तो बाहेर गवतावरही मांडता येतो. आमच्या आईनं गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "पाट नाही ठेवलेत?" तेव्हा हसलो होतो.

सीट काढून हे सगळं बसवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि आरटीओची नोंद हा वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र विचारा.

फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम देण्याआधी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची फळी कापा, खाली स्टुलं लावून मापाच्या उंचीवर ठेवा आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक शनिवार-रविवार गाडीतच काढा. आत-बाहेर करताना मांडी कुठे घासते, चहा कुठे ठेवावासा वाटतो, ते पुठ्ठ्यावर पेननं लिहून ठेवा. मग ती मापं इथे टाका, आणि सोबत डाव्या बाजूच्या चाकाच्या कमानीची उंचीही. तुमची टेकण तिथेच अडणार आहे असं मला वाटतंय.